इंजिनावरचं कुंकू

५ नोव्हेंबर १९८६, बुधवार

आजवर घडलं ते क्रमाने. मत नाही, फक्त घटना.

१. दसऱ्याला बाबांनी सम्राट डीलक्स घेतली. रंग मोतिया. पॉवर स्टिअरिंग, एअर कंडिशनर, मागच्या सीटच्या मधोमध हात टेकवायची घडी.

२. आईने गाडीची पूजा केली. बॉनेटवर स्वस्तिक, चारही चाकांखाली लिंबं.

३. बाबांनी लिंबं चिरडली ती सरळ दुसऱ्या गिअरमध्ये. काटोलच्या संत्र्यांच्या बागेत त्यांनी जन्मभर ट्रॅक्टर आणि जीप चालवली. पहिला गिअर नांगरासाठी असतो, असं त्यांचं मत आहे.

४. गाडीला कंपनीची एक वर्षाची वॉरंटी आहे. पैसे भरून ती आणखी तीन वर्षं वाढवता येते. योजना नवी आहे. घ्यायची तर शनिवार, २९ तारखेपर्यंत, गाडी शोरूममध्ये तपासून.

५. बाबांची वाडी गावातली शेड महिनाअखेर रिकामी होते आहे. ती मला हवी. संत्री आकाराप्रमाणे वेगळी करणाऱ्या माझ्या मशीनची ड्रॉइंग्ज तयार आहेत. दीड वर्षापासून तयार आहेत.

६. तीच शेड रुपरावकाकांना टायर ठेवायला हवी. रुपरावकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, वाडीलाच टायरचे व्यापारी.

७. पाडव्याला जेवताना बाबा म्हणाले, "गाडीच्या गॅरंटीचं तू ठरव, प्रेमा. इंजिनिअर हायेस. नीट ठरवलंस तं शेड तुह्या मशीनले. नाही तं रुपराव ठेवन टायर."

८. मी हो म्हटलं.

मत (एकच): काम फार तर चार दिवसांचं आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पद्धत ठरवली. गाडी बिघडण्याची शक्यता गुणिले दुरुस्तीचा खर्च. उत्तर वॉरंटीच्या किमतीपेक्षा जास्त आलं तर घ्यायची, कमी आलं तर नाही. भावनेला जागा नाही.

कारखान्यातून सुटल्यावर सदरला शोरूममध्ये गेले. विक्रीला मुकुंद पांढरीपांडे नावाचे गृहस्थ आहेत. बी. कॉम. म्हणाले, "घेऊन टाका मॅडम, अमेरिकेत सगळेच घेतात." मी विचारलं, शंभरातले किती गिअरबॉक्स तीन वर्षांत जातात? त्यांनी चहा मागवला. मी पुन्हा विचारलं. त्यांनी कॅलेंडर दिलं.

शोरूमकडून मिळालेली माहिती: चहा एक, कॅलेंडर एक.

वॉरंटीच्या अटींचं पुस्तकही दिलं. चाळीस पानं, बारीक टाइप. सवडीने वाचावं.

८ नोव्हेंबर, शनिवार

बाबांनी विचारलं, "ठरलं का वं?" मी सांगितलं, अजून इनपुट नाही. बाबा म्हणाले, "गाडीले पेट्रोल लागते अन् तुले इनपुट लागते. गाडी तरी चालते."

दुर्लक्ष केलं. कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोलला आहे. न मोजलेल्या गोष्टीवर सही करत नाही. घरी ही शिस्त कुणाला नाही. आई मीठसुद्धा हाताने घालते.

शोरूम आकडे देणार नसेल तर आकडे गाडीकडून घ्यायचे. उद्या रविवार. स्वतः तपासणी करणार.

९ नोव्हेंबर, रविवार

तपासणी झाली. अत्यंत समाधानकारक.

माझी पान्यांची पेटी बाहेर काढली. प्रत्येक पान्यावर 'प्रे. म.' कोरलेलं आहे. या घरात वस्तू जागेवर राहत नाहीत म्हणून कोरावं लागलं. एअर क्लीनर काढला, प्लग काढून पाहिले, परत बसवले. याला इंजिन उघडणं म्हणत नाहीत. पाहणं म्हणतात.

इंजिनाची स्थिती उत्तम, पण आईच्या कुंकवाने कहर केला आहे. बोल्टबोल्टावर लाल ठिपका. हेडवर, कार्ब्युरेटरवर, अगदी खाली पंपापाशी. आईचा हात तिथवर पोचला कसा, हा वेगळा संशोधनाचा विषय. कुंकवाचे कण घासतात, तेलात गेले तर नुकसान करतात. सगळे पुसले. केरोसीनने निघेना, थिनर वापरावं लागलं. हल्ली कुंकवात काय रंग घालतात कोण जाणे.

मधेच रुपरावकाका आले. बंडीच्या खिशात हात घालून बॉनेटमध्ये डोकावले. म्हणाले, "काहून वं, नवीनच गाडी खोलून बसली? आजारी हाय का?" मी म्हटलं, आजारी नाही हेच पाहते आहे. काका म्हणाले, "मंग मलेबी खोलून पाह्य एकदा. चांगलाच हावो मी." आई पोट धरून हसली. ती लवकर हसते.

इंजिन आता आरशासारखं आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आईला शांतपणे सांगितलं की यापुढे इंजिनाला कुंकू लावायचं नाही. आई म्हणाली, "मी कुठं लावलं इंजिनाले? बॉनेटले लावलं अन् चाकाले. आत हात कोन घालते बाप्पा, साडी खराब करून."

वाद घातला नाही. आईची स्मरणशक्ती पूर्वीसारखी राहिलेली नाही. यावर वेगळं लक्ष द्यावं लागेल.

गाडीतून आवाज येतो असं बाबा म्हणतात. वळणावर 'टिंग'. मी म्हटलं, नवी गाडी असे आवाज करते, धातू बसत असतो. बाबा म्हणाले, "दसऱ्यापासून बसला नाही अन् कालपासून बसाले लागला?"

१२ नोव्हेंबर, बुधवार

तेरा नंबरचा पाना सापडत नाही.

पेटीतली त्याची जागा रिकामी. रविवारी होता, मी वापरला होता. रविवारी बाहेरचा एकच माणूस आला होता. निष्कर्ष काढत नाही. फक्त नोंद करते की त्या माणसाचे हात खिशात होते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पहिलं उत्तर आलं. गाडी बिघडण्याची शक्यता एकतीस टक्क्यांच्या वर असेल तर वॉरंटी घ्यावी, खाली असेल तर घेऊ नये. सुंदर, स्वच्छ निकष.

मग बिघडण्याची शक्यता काढली. एकतीस टक्के आली.

बाबांना सांगितलं की प्रगती आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

सगळे काटोलला गेलो. बाबा चालवत होते. नंदनवनच्या घरापासून काटोलपर्यंत टिंग. वळणावर टिंग, खड्ड्यात टिंग टिंग. रुपरावकाका पुढे बसले होते. म्हणाले, "मनोहरराव, इंजिन का भजन करून राहिलं? टाळ वाजते पाह्य." बाबा म्हणाले, "इंजिनिअरले विचार." काका मागे वळून म्हणाले, "काहून वं प्रेमा, कोनता अभंग हाय?"

मी त्यांना म्हटलं की आवाज ऐकणं आणि आवाज असणं यात फरक आहे. त्यावर गाडीच बोलली. टिंग.

बागेत पोचल्यावर बॉनेट न उघडता बाहेरून नळी लावून इंजिन ऐकलं. उभ्या गाडीत आवाज नाही. म्हणजे इंजिनात दोष नाही. दोष रस्त्यात आहे. जिल्हा परिषदेला लिहावं.

परतीला काका डिकीत संत्र्यांच्या करंड्या भरत होते आणि बाबांना शेडची उंची विचारत होते. तीनदा विचारली. मी मुद्दाम सांगितली नाही, मला ती सेंटिमीटरमध्ये पाठ आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

संकल्प:
रोज सकाळी अर्धा तास फक्त वॉरंटीचा विचार.
अटींचं पुस्तक वाचून काढणे.
आवाजाचा विषय कुणी काढला तर उत्तर न देणे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

संकल्पांपैकी तिसरा पाळला.

शक्यता पुन्हा मोजली, दशांश चिन्हानंतर दोन जागा वाढवून. उत्तर थोडंसं वॉरंटी घेण्याच्या बाजूला झुकलं. मग लक्षात आलं, बाबांचं दुसऱ्या गिअरमध्ये उचलणं धरलेलं नाही. ते धरलं तर आणखी झुकतं. पण मग मी बाबांना पहिला गिअर शिकवेन हेही धरायला हवं. ते धरलं की परत एकतीस.

आई म्हणाली, "घेऊन टाक नं वं. नाही तं नको घेऊ. पण जेव आधी." आईच्या विचारपद्धतीत टप्पे नाहीत.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पाना नसल्याने पेटीकडे पाहवत नाही. काकांना चिठ्ठी पाठवली. भाषा पूर्ण सभ्य: 'रविवार दि. ९ रोजी आपल्याकडून चुकून एक पाना नेला गेला असल्यास परत करावा. त्यावर प्रे. म. कोरलेले आहे.'

'नेला गेला' मुद्दाम लिहिलं. आरोप होत नाही. कारखान्यात आम्ही रिपोर्ट असेच लिहितो. तपासलेला जॉब नापास 'झाला'. कुणी केला, ते नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

काका आले नाहीत. दर रविवारी येतात. त्यांच्या माणसाकरवी कागदात गुंडाळलेला पाना आला. तेराच नंबरचा, पण कोरा करकरीत, नवा. सोबत निरोप, 'जुना माह्यापाशी नाही. हा ठेव, लग्नात द्याचा तो आत्ताच देल्ला.'

बाबांनी चिठ्ठीबद्दल विचारलं. मी भाषेचा मुद्दा समजावला. बाबा म्हणाले, "घरच्या माणसाले चोर म्हणून राहिली तू, अन् मले व्याकरण सांगून राहिली." जेवण अर्धं ठेवून उठले.

पाना नवा आहे, पण त्यावर प्रे. म. नाही. पेटीत ठेवला नाही. बाहेरही ठेवला नाही. टेबलावर आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

चार दिवस उरले. काम नियंत्रणात आहे.

निर्णय तत्त्वतः झालेला आहे. गुरुवारी अर्धी रजा. गाडी शोरूममध्ये तपासून घ्यायची. तपासणीत गाडी पूर्ण निर्दोष ठरली तर वॉरंटीची गरज नाही हे सिद्ध होईल. दोष निघाला तर गरज आहे. म्हणजे तपासणीच निर्णय देईल. हे मला आधी सुचायला हवं होतं. इतकं सोपं.

बाबांना विचारलं, शेडच्या विजेचं कनेक्शन थ्री फेज आहे ना? ते पेपर वाचत होते. म्हणाले, "रुपरावलेबी हेच विचारलं मी. टायरले फेज लागत नाही म्हने." यात विनोद होता की माहिती, कळलं नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

जे घडलं ते लिहिते. क्रमांक देत नाही.

बाबांनीच गाडी चालवली. शोरूममध्ये पांढरीपांड्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा सांगितला, आणि मेकॅनिकने बॉनेट उघडलं. पांढरीपांडे वाकून पाहायला लागले. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "मॅडम, इंजिन कुणी खोललं?"

मी म्हटलं, कुणी नाही. फक्त पाहिलं.

त्यांनी शेजारी उभी असलेली नवी सम्राट उघडून दाखवली. बोल्टबोल्टावर लाल ठिपका. हेडवर, कार्ब्युरेटरवर, अगदी खाली पंपापाशी. गाडीच्या कारखान्यात प्रत्येक बोल्ट कसून झाला की त्यावर रंगाचा ठिपका देतात. बोल्ट कुणी फिरवला तर ठिपका तुटतो. ते कंपनीचं सील. सील नसेल तर इंजिन बाहेर उघडलं असं धरतात. वाढीव वॉरंटी मिळत नाही, आणि आहे ती वर्षाचीही इंजिनापुरती जाते. अटींच्या पुस्तकात पहिल्याच पानावर आहे. चौकटीत. मोठ्या टाइपात.

आमच्या कारखान्यात आम्ही पिवळा ठिपका देतो. मी स्वतः देते.

मी म्हटलं, ठिपके पुसले गेले आहेत, बोल्ट फिरवले गेलेले नाहीत. पांढरीपांडे म्हणाले, "कुणाकडून पुसले गेले?" मी म्हटलं, ते महत्त्वाचं नाही. गैरसमजातून झालं आहे. पूजेचं कुंकू समजून.

 ते हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. म्हणाले, "इंजिन खोललंच नाही असं तुम्ही लिहून देत असाल तर मी हेड ऑफिसला एकदा विचारून पाहतो." मी पेन काढलं. तेवढ्यात बॅटरीच्या मागे हात घातलेला मेकॅनिक म्हणाला, "साहेब, टिंग सापडलं."

तेरा नंबरचा. प्रे. म.

बाबांनी तो हातात घेतला. कोरलेली अक्षरं अंगठ्याने पुसून नीट वाचली. पांढरीपांड्यांना नमस्कार केला. चहा पिऊन टाकला, कारण सांगितलेला चहा टाकत नाहीत ते. मग मला म्हणाले, "चाल."

मी पेन बंद केलं.

परतताना आवाज आला नाही. वळणावर नाही, खड्ड्यात नाही. सदर ते नंदनवन एकदाही नाही. आला असता तर बरं वाटलं असतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

रजा टाकली. कारण 'प्रकृती'.

सकाळी आईला सगळं नीट समजावलं. रंगाच्या निवडीत कंपनीची चूक आहे. ज्या देशात नव्या गाडीला कुंकू लावतात तिथे लाल सील द्यायचं नसतं. हा डिझाइनचा दोष आहे. ठिपके पुसले गेले ही त्याची परिणती.

आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "पुसले गेले नाही वं. पुसले."

मी म्हटलं, तेच ते.

"तेच कसं? गेले म्हटलं की ठिपके सोताहून निंघून गेले, काटोलची यष्टी पकडून. तू पुसले. अन् मले म्हातारी ठरवून मोकळी झाली, म्हने माह्या लक्षात राह्यत नाही."

आई निवडत राहिली. मी तिच्यासमोर बसले. तिने सुपातले अर्धे तांदूळ माझ्यापुढे सरकवले. खडे बरेच होते.

दुपारी बाबा आले. रागावतील असं धरलं होतं, त्याची शक्यता पंचाण्णव टक्के काढली होती. रागावले नाहीत. म्हणाले, "रुपरावले परवा, रविवारी शेडचं सांगाचं हाय. तुले काही म्हनाचं असन तं लिहून दे. तुह्या त्या रिपोर्टसारखं. तोंडानं तू सरळ बोलत नाही."

मी विचारलं, वॉरंटीच्या निर्णयाचं काय? बाबा म्हणाले, "कोनता निर्णय? तू घेतला होता का?"

विचार केला. घेतला नव्हता.

"मले घ्या म्हटलं असतं तं घेतली असती, नको म्हटलं असतं तं सोडली असती," बाबा म्हणाले. "चुकलं असतं तं चुकलं असतं. शेडीत मशीन लावशीन, तं रोज चाळीस गोष्टी ठरवाव्या लागन. तवा का बॉनेट पुसत बसशीन?"

 

२९ नोव्हेंबर, शनिवार

वॉरंटीची मुदत आज संपली. शोरूम सातला बंद होतं. सातला घड्याळ पाहिलं. काही झालं नाही.

सकाळी वाडीला रुपरावकाकांकडे गेले. नवा पाना परत द्यायला. ते ट्रकमधून टायर उतरवून घेत होते. मी म्हटलं, माझा सापडला. कुठे सापडला तेही सांगितलं. काका इतके हसले की हातातला टायर सुटून रस्त्यापर्यंत घरंगळत गेला. "म्हंजे भजन तूच करून राहिली होतीस!" पाना परत घेतला नाही. म्हणाले, "लग्नातला आहेर हाय, परत घेत नसते. अन् त्याच्यावर तुहं नाव टाकून घे. नाही तं माह्यावर आळ याचा पुन्हा."

चिठ्ठीबद्दल मात्र एक शब्द बोलले नाहीत. मीही बोलले नाही. मी बोलायला हवं होतं. त्यासाठीच गेले होते.

परत आल्यावर शेडचं ड्रॉइंग काढलं आणि पहिल्यांदाच अर्ध्या शेडमध्ये मशीन बसवून पाहिलं.

मग बाबांना लिहायला बसले. दोन मसुदे फाडले. पहिल्यात 'पुसले गेले' दोनदा आलं होतं. दुसऱ्यात ते नव्हतं, पण 'रंगाच्या निवडीतील त्रुटी' असा अर्धा परिच्छेद होता. तिसरा त्यांच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवला आहे. त्याची प्रत:

ती. बाबांस,

१. इंजिनावरचे लाल ठिपके मी पुसले. आईने नाही. कंपनीचं काही चुकलं नाही.

२. पाना मी विसरले. रुपरावकाकांवर मी आळ घेतला. त्यांच्याकडे आज गेले होते, पण माफी मागायची राहिली. उद्या ते येतील तेव्हा मागेन.

३. वॉरंटी घ्यावी की नाही, हे मी महिनाभर ठरवलं नाही. ठरवते आहे, असं सांगत राहिले.

४. अर्धी शेड मला पुरते. उरलेल्या अर्ध्यात काकांचे टायर मावतील. ड्रॉइंग सोबत आहे. हे मी ठरवलं आहे.

शेड द्यायची की नाही, ते कृपया उद्या, रविवार दि. ३० नोव्हेंबर, काका येण्याच्या आत कळवावे.

प्रेमलता